नाकबाईनं दूध नासवलं

डेअरीत तिला सगळे नाकबाई म्हणायचे, आणि तिला त्याचा राग यायचा असं कुणी सांगत असेल तर ते साफ खोटं आहे. तिला ते मनापासून आवडायचं. रस्त्यात कुणी "अहो नाकबाई" अशी हाक मारली, की ती आधी झटकन मान वळवायची आणि मग सावकाश रागावल्याचं सोंग आणायची.

तिचं काम होतं दूध नापास करण्याचं. पास करण्याचंही होतं म्हणा, पण पास झालेल्या दुधाची आठवण कोण ठेवतो? डेअरीच्या मागच्या अंगाला, जिथे दुधाच्या गाड्या येऊन लागत, तिथल्या सिमेंटच्या ओल्या धक्क्यावर ती उभी असायची. कॅनचं झाकण पुरतं उघडायच्या आत तिचं नाक खाली गेलेलं असायचं. वासात जराशी खोट वाटली, की काचेच्या नळीत थोडं दूध घ्यायचं, ज्योतीवर धरायचं, उकळी आली की नळी आडवी करून उजेडाकडे बघायचं. काच स्वच्छ राहिली तर ठीक. काचेला बारीकसा कण जरी चिकटला, तरी ते दूध नासायच्या वाटेला लागलेलं. मग नळीतलं दूध त्या क्षणी मोरीत, आणि तोंडातून एकच शब्द, "परत!" तो शब्द ऐकून दांडगे दांडगे ड्रायव्हर गयावया करायचे. काही जण शिव्या घालायचे. नाकबाईवर दोन्हींचा परिणाम सारखाच व्हायचा, म्हणजे काहीही व्हायचा नाही.

असाच एकदा तिनं एक अख्खा टँकर परत पाठवला. त्याचा ड्रायव्हर लांबून आलेला, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. त्यानं गयावया केली नाही आणि शिवीही दिली नाही. तो धक्क्यावर चढला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला काय दिसलं ते मलाही दाखवा ना." असं तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिनं दुसरी नळी उकळून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्यानं एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. "दिसलं," तो म्हणाला. त्याला कप्पाळ दिसलं होतं! पण त्यानंतर तो टँकर दर फेरीला तिच्याच पाळीत यायला लागला. वर्ष सरायच्या आत दोघांचं लग्न झालं. डेअरीतले लोक म्हणायचे, बाईनं टँकर परत पाठवला आणि ड्रायव्हर ठेवून घेतला.

संसार झाला, लेक झाली, लेक मोठी होऊन नोकरीला लागली, यथावकाश ही दोघं घरी बसली. या सगळ्या काळात नाकबाईच्या घरात दूध एकदाही नासलं नाही. ही बढाई नव्हे. दूध बिघडायच्या आधीच तिला कळायचं आणि ते सरळ मोरीत जायचं. गंमत म्हणजे नासणाऱ्या दुधाशी जन्म काढलेल्या या बाईनं दूध पुरतं नासताना कधी पाहिलंच नव्हतं. पहिला कण दिसला की तिचं काम संपायचं. पुढे काय होतं ते बघायला ती थांबायची नाही, आणि थांबावं असं तिला कधी वाटलंही नाही.

मग टँकरवाल्याला अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करता करता हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, अर्धं तोंड गेलं. माणूस चिवट, त्यामुळे पाय परत आला, हातही थोडाफार परत आला, बोलणं वेडंवाकडं का होईना पण आलं. गिळणं मात्र धड आलं नाही.

गिळायचे व्यायाम शिकवायला एक तरुण बाई घरी यायची. नाकबाईला तिचं आधी नवलच वाटलं. गिळायचं काय शिकवायचं? पण त्या मुलीनं समजावून सांगितलं, की गळ्यात श्वासाची वाट आणि अन्नाची वाट अगदी शेजारी शेजारी असतात. प्रत्येक घोटाला श्वासाची वाट क्षणभर मिटते, घोट पुढे सरकतो, वाट पुन्हा उघडते. "काकांची ती वाट मिटायला उशीर होतोय, काकू. म्हणून घास चुकीकडे जातो." नाकबाई तोंडाचा आ वासून ऐकत राहिली. म्हणजे जन्मल्यापासून प्रत्येक घोटाला हे चाललंय? झोपेतसुद्धा? आणि आपल्याला पत्ता नाही? त्या दिवशी चहा पिताना ती प्रत्येक घोटाला थबकली आणि चहा गार झाला.

एकदा चहात बुडवलेला पावाचा तुकडा टँकरवाल्याच्या घशात अडकला. ठसका लागला, डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. तुकडा निघाला खरा, पण त्यानंतर त्यानं तोंडच मिटून घेतलं. घट्टसर सूपचे दोन चमचे जेमतेम घ्यायचा आणि मान फिरवायचा. शर्ट अंगावर लोंबायला लागला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारपर्यंत बघू. तोंडानं पुरेसं जात नसेल, तर पोटात नळी बसवावी लागेल.

"नळी वाईट नाही हो काकू," व्यायामवाली म्हणाली. "कित्येकांचा जीव वाचतो तिच्यामुळे."

नाकबाईला ते पटलं. टँकरवाल्याला पटलं नाही. "नळी नको," तो म्हणाला. हे दोन शब्द काढायला त्याला कितीतरी वेळ लागला, आणि ते म्हणताना तो कुणाकडेच बघत नव्हता. या माणसाला ती ओळखून होती. एकदा नळी बसली, की हा पुन्हा घास तोंडात घ्यायचा प्रयत्न करणार नाही. टेबलाशी त्याची खुर्ची रिकामी राहील, आणि समोरच्या खुर्चीत बसून एकटीनं जेवायचं म्हणजे काय, हा विचार तिला सोसवेना. सरळ सांगायचं तर ती घाबरली होती.

"असं काय देऊ मी त्यांना?" तिनं विचारलं.

"मऊ हवं, ओलसर हवं, एकजीव हवं. रवाळ, तोंडात विखुरणारं काही नको, तेच चुकीकडे जातं. आणि मुख्य म्हणजे, काकू, त्यांना खावंसं वाटायला हवं."

लेकीनं तोड काढली. तिच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रिकोटा नावाच्या मऊ, ताज्या चीजचा एक गोड पदार्थ मिळायचा. अंडी, साखर आणि रिकोटा एकत्र करून वाट्यांमध्ये भाजायचा. जिभेवर ठेवला की विरघळून जायचा. तिनं दुकानातून रिकोटाचा डबा आणला, पण तो निघाला खारट आणि रवाळ. चमच्याच्या टोकावरचा कण चाखताच टँकरवाला खोकायला लागला.

"मग आपण घरीच करू," लेक म्हणाली. "सोपं असतं गं. दूध तापवायचं, लिंबू पिळायचं आणि नासवायचं."

"काय करायचं?"

"नासवायचं."

"मुद्दाम?"

"हो आई, मुद्दाम."

नाकबाईनं लेकीकडे असं पाहिलं, की जणू तिनं घर पेटवायला सांगितलं होतं.

पण नवऱ्यासाठी तेही करायचं असं तिनं ठरवलं. शनिवारी सकाळी गॅसवर मोठं पातेलं चढलं. दूध तापलं, लेकीनं लिंबाचा रस ओतला. नाकबाई वाकून बघत होती. पातेल्याच्या कडेला एक कण दिसला, मग दुसरा. आणि पुढचं तिचं तिलाही कळलं नाही. हातांनी पातेलं उचललं, मोरीवर उलटं केलं, नळ सोडला. सगळं वाहून गेलं. हात पुढे गेले आणि डोकं मागून आलं.

"आई! अगं तेच तर हवं होतं आपल्याला!"

नाकबाई रिकामं पातेलं धरून उभी. स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसलेल्या टँकरवाल्याचं अर्धं तोंड हललं. "प… परत!" तो म्हणाला आणि वाकड्या तोंडानं हसायला लागला. त्याला हसताना तिनं कितीतरी दिवसांनी पाहिलं. तीही हसली, आणि हसता हसता मोरीकडे तोंड वळवून तिनं डोळे पुसले.

लेक कामाला गेल्यावर तिनं एकटीनं पुन्हा घाट घातला. या वेळी तिला स्वतःच्याच हातांचा राग आला होता. गॅस मोठा केला, दूध खळखळा उकळू दिलं, लिंबू पिळलं आणि हात मोरीकडे जाऊ नयेत म्हणून ते ढवळण्यात गुंतवले. जीव खाऊन ढवळलं. दूध नासलं, पण कापडात गाळून जे उरलं ते रबरासारखं कडक. तिनं चिमटीत धरून चोळलं, मग जिभेवर ठेवलं. कण दाढांच्या कोपऱ्यात जाऊन बसले. हे त्याच्या तोंडात घालायचं म्हणजे आपल्याच हातानं त्याचा गळा दाबायचा. साखर घालून ते सगळं तिनं स्वतःच रागारागानं खाल्लं.

संध्याकाळी लेक कँटीनच्या आचाऱ्याला विचारून आली. "तो म्हणाला, आच मंद ठेवा. उकळू द्यायचं नाही, उकळी फुटायच्या बेतात आलं की गॅस बंद. लिंबू घालून एकदाच चमचा फिरवायचा. आणि मग हात लावायचा नाही."

"आणि मग काय करायचं?"

"काही नाही. बसून राहायचं."

नाकबाईला यातलं सगळं जमण्यासारखं होतं, शेवटचं सोडून.

रविवारी सकाळी तिनं टँकरवाल्याची खुर्ची ओट्याजवळ आणली, आपलीही शेजारी ओढली. कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले तसा तिनं गॅस बंद केला. लिंबाचा रस घातला, चमचा सावकाश एकदा फिरवला, बाजूला ठेवला. मग खुर्चीत बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकले.

आधी काहीच झालं नाही. मग दुधात काहीतरी हललं. कण दिसले. मांड्यांखाली हात वळवळले, तिनं आणखी भार दिला. कण वाढले. आजवर जिथे तिनं पाठ फिरवली होती, ती वेळ आली आणि गेली, आणि ती बसून राहिली.

आणि मग तिनं जे पाहिलं, ते तिला आधी कुणी का सांगितलं नाही हेच तिला कळेना. कण एकमेकांना धरून वर येऊ लागले. कुणी ढवळत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. पांढरा जाड थर वर जमत गेला आणि त्याच्या कडेनं पाणी सुटलं. फिकट, हिरवट पिवळं पाणी, इतकं निवळ की त्यातून पातेल्याचा तळ दिसला आणि तळावरचा जुना ओरखडाही दिसला. दुधातून आरपार दिसतंय! जन्मभर दूध हाताळलं, आणि त्याच्या आत हे एवढं स्वच्छ पाणी लपलेलं असतं हे ठाऊकच नाही?

"अगं बाई!" ती पुटपुटली. थोड्या वेळानं पुन्हा, "अगं बाई गं!"

तिनं नाक खाली नेलं. आंबूस, कुबट वास येणार म्हणून आधीच श्वास आखडला होता, तो हळूच सोडून आत घेतला. घाण नव्हतीच. उबदार, किंचित गोड, मागे लिंबाचा ताजेपणा. एवढी सुंदर गोष्ट नळीच्या काचेपाशी रोज आपल्याला दिसायला आली होती, आणि आपण रोज तिला हाकलली, असं काहीसं तिच्या मनात आलं. धक्क्यावरचं दूध आपोआप बिघडलेलं होतं, ते परत पाठवायलाच हवं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिला गहिवरून आलं. शेजारी टँकरवाला मान पुढे काढून पातेल्यात बघत होता.

"दिसलं?" तिनं विचारलं.

"दिसलं," तो म्हणाला. या वेळी त्याला खरंच दिसलं होतं.

पुढचं सगळं तिनं श्वास रोखून केल्यासारखं केलं. वरचा थर झाऱ्यानं अलगद उचलून ओल्या कापडात ठेवला. पिळला नाही, नुसता निथळू दिला, आणि अजून ओलसर आहे तोवर काढून घेतला. बारीक चाळणीतून एकदा घासला, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा घासला. मग अंडी, साखर, थोडी साय आणि लिंबाची किसलेली पिवळी साल. लेकीनं घरी आणून ठेवलेल्या जुन्या ओव्हनचं दार लागत नसे, त्याला स्टूल टेकवावं लागे. उथळ भांड्यात गरम पाणी, पाण्यात वाट्या, वाट्यांत ते पांढरं मिश्रण, आणि अगदी मंद आच. मायलेकी काचेतून बघत बसल्या. कडा धरल्या, मध्ये अजून थरथरत होतं.

"बंद कर," लेक म्हणाली.

"कच्चं आहे ते."

"आतल्या उबेत होतं. बंद कर आई."

गार झाल्यावर वरची तांबूस पापुद्रीसारखी साल तिनं सुरीनं काढली, कारण ती चिवट होती. ती लेकीनं उभ्या उभ्या फस्त केली. नाकबाईनं खालचा मऊ भाग टाळूला दाबून पाहिला. एक कण नाही. जिभेवर होता म्हणेपर्यंत नाहीसा झाला. तरीही त्या दिवशी तिनं नवऱ्याला तो दिला नाही. ते निळे ओठ अजून तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. व्यायामवालीच्या समोरच द्यायचा, तिनं ठरवलं.

सोमवारी व्यायामवाली आली. टँकरवाल्याला खुर्चीत ताठ बसवलं, पाठीशी उशी लावली. तिनं वाटी हातात घेतली, चमच्यानं उलटसुलट करून पाहिलं, मान डोलावली आणि छोट्या चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं. चमचा ओठांपाशी गेला. ओठ मिटलेलेच राहिले.

लेक दाराला टेकून उभी होती. नाकबाईनं टेबलाची कड घट्ट धरली होती. घे रे, एवढं घे, ती मनातल्या मनात म्हणत होती, आणि तोंडानं अवाक्षर काढायची हिंमत होत नव्हती. टँकरवाल्यानं चमच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. ओठ जरासे उघडले.

व्यायामवालीनं चमचा आत नेला, बाहेर काढला, आणि दोन बोटं त्याच्या गळ्यावर हलकी ठेवली. "हनुवटी खाली. दम धरा. आता गिळा."

गळ्यातली गाठ तिथेच राहिली. मग ती वर सरकली. क्षणभर वर थांबली आणि खाली आली.

"आता 'आ' म्हणा."

"आऽऽ," तो म्हणाला. आवाज मोकळा होता. घरघर नव्हती, खोकला नव्हता.

"छान गेलं काका," व्यायामवाली म्हणाली. "पुन्हा घ्यायचं?"

त्यानं स्वतःहून तोंड उघडलं.

नाकबाईची नजर त्या गाठीवरून हटेना. या माणसासमोर बसून ती आयुष्यभर जेवली होती. त्याच्या भाकऱ्यांपासून औषधांपर्यंत सगळं तिनं पाहिलं होतं, पण त्याला गिळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. गाठ वर जात होती आणि खाली येत होती. आत कुठेतरी एक वाट वेळेवर मिटत होती, वेळेवर उघडत होती. कालच्या पातेल्यात पाहिलं त्याहूनही हे मोठं होतं, आणि हे तिच्या घरात, तिच्या टेबलाशी चाललं होतं. ती शेजारची खुर्ची ओढून बसली.

वाटी संपली. व्यायामवालीनं चमचा पुसून ठेवला. "आज नळीचं बोलायला नको. मी डॉक्टरांशी बोलते. हेच रोज देऊ, हळूहळू वाढवू. अजून बरंच बाकी आहे, काकू, पण सुरुवात झाली."

लेकीनं हुंदका दिला आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. टँकरवाल्यानं आपला पुरता न वळणारा उजवा हात टेबलावरून सरकवला आणि दुसरी भरलेली वाटी बायकोकडे ढकलली.

"तू," तो म्हणाला.

"मी खाईन हो मागाहून."

"तू. आत्ता."

तिनं मोठा चमचा भरून तोंडात घातला. पण घास खाली जाईना. घसा असा दाटला होता की काही केल्या जाईना. तोंड भरलेलं, डोळ्यांतून धारा, आणि हातात चमचा तसाच. ती मानेनंच नाही नाही करत राहिली.

टँकरवाला सगळं बळ लावून पुढे वाकला. त्याच हाताची दोन बोटं त्यानं तिच्या गळ्यावर ठेवली.

"हनुवटी खाली," तो म्हणाला. इतकं स्पष्ट तो आजारपणात एकदाही बोलला नव्हता. "दम धर. आता गिळ."

नाकबाईनं हनुवटी खाली घेतली, दम धरला आणि गिळलं.